शिंपला आधी की आतला प्राणी?

गंगापूररोडकर: रविवारी धरणाचं पाणी उतरलं होतं, तिथल्या चिखलात माझ्या मुलीला शिंपला सापडला. बाहेरची तपकिरी साल वाळून पापुद्र्यासारखी सुटत होती, आत मोत्याची झाक. तिने विचारलं, "बाबा, आधी शिंपला की आतला प्राणी?" माझं मत पक्कं आहे: मृदुकाय प्राण्यांचा (शिंपले, गोगलगायी वगैरेंचा गट) पूर्वज बिनकवचाचाच होता. रशियात श्वेत समुद्राकाठी सापडलेली किम्बरेला, एक जीवाश्म प्राणी, सुमारे ५५.५ कोटी वर्षांपूर्वीची. टणक शंख नाही, पण तळ खरवडून खाल्ल्याचे ओरखडे तिच्या शेजारी दगडात उमटलेत. काही मिलिमीटरच्या टोपीसारखी कवचं कॅंब्रियन काळात (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून) येतात, म्हणजे त्यानंतर.

पंचवटीकर: नाही पटत. ओरखडे दिसतात, पण खरवडणारी दातेरी जीभ, रॅड्युला, किम्बरेलात कुणाला मिळालेली नाही. ती मृदुकायच होती, हे तुम्ही गृहीत धरताय. उलट इंग्लंडमधला ४२.५ कोटी वर्षांपूर्वीचा कुलिंड्रोप्लॅक्स बघा: अंग अळीसारखं, पाठीवर कवचाच्या सात पट्ट्या. आजचे अळीसारखे बिनकवचाचे मृदुकाय अशाच कवचवाल्यांपासून आले, कवच त्यांनी गमावलं. पावसाळ्यात कुंड्यांखाली निघणारी बिनशंखाची गोगलगायही तशीच.

गंगापूररोडकर: गोगलगायीचं मान्य. पण कॅनडातल्या बर्जेस शेल या कॅंब्रियन खडकातल्या विवॅक्सिया या जीवाश्माचं काय? अंगभर खवले आणि काटे, शंख नाही, आणि तोंडात रॅड्युलासारखी दातांची रांग!

सिडकोकर: जरा दमाने घ्या दोघेही. २०२४ मध्ये चीनच्या युनानमधला काटेरी शिशानिया 'बिनकवचाचा आद्य मृदुकाय' म्हणून 'सायन्स' नियतकालिकात आला. मीही तेव्हा सगळ्यांना तेच सांगत होतो. २०२५ मध्ये त्याच नियतकालिकात दुसरा अभ्यास आला: तो चॅन्सेलोरिड, म्हणजे स्पंजासारख्या एका नामशेष गटातला निघाला. 'पाय' वाटला तो जीवाश्म दबून झालेला आकार! एका नमुन्यावर वंशावळ मांडू नका. आपल्याकडे शोधायचं म्हटलं तरी नाशिकचा काळा पाषाण जेमतेम ६.६ कोटी वर्षांचा.

गंगापूररोडकर: शिशानिया मी मांडलाच नव्हता. मुलीला शिंपल्याच्या कडेच्या रेषा दाखवल्या. आतल्या प्राण्याचा मऊ पडदा, मँटल, कडेकडेने थर चढवत जातो. अंग नसेल तर कवच बनवणार कोण?

पंचवटीकर: अंगाशिवाय कवच नाही, हे खरंच. वाद तो नाही. सगळ्या मृदुकायांचा जो शेवटचा सामाईक पूर्वज, त्याच्या पाठीवर कवच होतं का, हा आहे. कुलिंड्रोप्लॅक्सच्या त्या सात पट्ट्यांबद्दल तुम्ही अजून एक अक्षर बोललेला नाहीत.