साइन १०° चे २० दशांश: खात्रीचा मार्ग कोणता?

प्रश्न

साइन ३०° = १/२ आणि तिप्पट कोनाचं सूत्र, यांवरून साइन १०° साठी ८क्ष³ − ६क्ष + १ = ० मिळतं. घन समीकरणाची मुळं देणाऱ्या कार्डानोच्या सूत्रात घातलं तर वर्गमुळाखाली −३/२५६ येतं, पण मुळं तिन्ही वास्तव आहेत. मग २० दशांश काढायचे कसे? आणि ते पुढे कुठे आवर्ती होतात का?

प्रतिसाद १

कार्डानोचा नाद सोडा. तिथे ज्या संमिश्र संख्येचं घनमूळ हवं, ती १२०° च्या कोनावर बसते. घनमुळाला ४०° चा कोसाइन लागतो, म्हणजे फिरून पुन्हा तिथेच!

आवर्ती होत नाहीत. तसे झाले असते तर साइन १०° परिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांचा अपूर्णांक, असता. २क्ष = य धरा: य³ − ३य + १ = ०. परिमेय मूळ असलंच तर १ किंवा −१. ठेवून पाहा, −१ आणि ३ येतात, शून्य नाही. म्हणजे परिमेय मूळच नाही.

आकड्यांसाठी न्यूटनची रीत घ्या. क्ष मधून (८क्ष³ − ६क्ष + १) ÷ (२४क्ष² − ६) वजा करत जायचं. सुरुवात ०.१७: वर ०.०१९३०४, खाली −५.३०६४, म्हणून नवा क्ष ०.१७३६३७८७. दुसऱ्या फेरीत ०.१७३६४८१७७५८३, नऊ स्थळं बरोबर. दर फेरीला बरोबर अंक साधारण दुप्पट होतात, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत २५ स्थळं तरी सांभाळा.

सुरुवात ०.५ ने करू नका, छेद शून्य होतो. ०.६ ने केलीत तर साइन ५०° वर जाऊन बसाल. तेही याच समीकरणाचं मूळ आहे.

प्रतिसाद २

भागाकार नकोसा असेल तर क्ष = (१ + ८क्ष³)/६ हेच पुन्हापुन्हा करा. पण इथे चूक दर फेरीला ०.१२ पटच होते, जेमतेम एक अंक. साइन १° ला हीच रीत फार सुंदर चालते: क्ष = (साइन ३° + ४क्ष³)/३, आणि फेरीगणिक जवळपास तीन अंक. पंधराव्या शतकात समरकंदला अल-काशी या गणितज्ञाने साइन १° असाच काढला.

प्रतिसाद ३

पायथन या संगणकभाषेत ताडून पाहणार असाल तर दोन ठिकाणी हमखास फसगत होते. साइनला नुसते १० दिले की ते रेडियन धरले जातात आणि −०.५४४० येतं. दुसरं, साध्या फ्लोटचं (सोळा-सतरा अंकांपुरत्या अचूक दशांश संख्येचं) उत्तर डेसिमल या जास्त अंकांच्या प्रकारात टाकलं की पन्नासेक अंक दिसतात, पण सोळा-सतरानंतरचे साइन १०° चे नसतात.

पूर्णांकांत तपासा. न = १७३६४८१७७६६६९३०३४८८५ घेऊन ८न³ − ६न × १०⁴⁰ + १०⁶⁰ काढा: धन यायला हवं, आणि न + १ ला ऋण, म्हणजे मूळ त्या दोहोंच्या मध्ये आहे. न्यूटनच्या तिसऱ्या फेरीचं उत्तर विसाव्या स्थळाला तोडलं तर शेवट ८८४ येतो. तिथे दोन्ही वेळा धनच येतं, म्हणजे चौथी फेरी हवी. उत्तर ०.१७३६४८१७७६६६९३०३४८८५.