पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडा म्हणे, यानं गळती थांबणार का?

हजेरीपट
मंडळी, जरा वाद घालायचाय. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष करून कॉलेज सोडलं तर सर्टिफिकेट, दोन केली तर डिप्लोमा, तीन केली तर डिग्री आणि चौथं केलं तर ऑनर्स. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून हे आलं आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यशाळेत ऐकतोय की आता मधेच सोडणाऱ्याचं वर्ष वाया जाणार नाही. मी मराठवाड्यात एका सिनियर कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन, शिकवतो. माझं म्हणणं एवढंच की हे ज्यांनी लिहिलं त्यांनी पोरं कॉलेज कसं सोडतात ते बघितलेलंच नाही. कुठलंही पोरगं ऑफिसात येऊन सर मी चाललो असं सांगत नाही, ते फक्त यायचं बंद होतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात, आईबाप कोयता घेऊन गेले की घरी म्हातारी माणसं, शाळेतली भावंडं, एखादी म्हैस, हे कोण बघणार, मग जी थोरली एफवायला आहे ती घरी थांबते. मस्टरवर नाव असतंच की. खरं कळतं परीक्षा फॉर्मच्या वेळी. शेवटची तारीख गेली, लेट फी गेली, सुपर लेट फीची तारीख आली, मग क्लार्क फोन लावतो आणि भाऊ उचलून सांगतो, तिचं लग्न जमलंय. झाली गळती. आता हिला कुणी सांगायचं की बाई परीक्षा दे, वर ४ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप) व्यावसायिक कोर्स नाहीतर इंटर्नशिप कर, मग तुला सर्टिफिकेट मिळेल?

स्पष्टच_सांगतो
सर राग मानू नका पण तुम्ही एक बाजू सांगताय. निम्म्या पोरांना शिकायचंच नसतं. ॲडमिशन घ्यायचं ते हॉस्टेलसाठी, एसटीच्या पाससाठी, नाहीतर बायोडेटात बीए चालू लिहायला. गरिबी काय आजची आहे का? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत काढली तेव्हा दुष्काळ नव्हता की भूक नव्हती? स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद म्हणत पोरांनी खडी फोडली, शेतात राबली आणि शिकली. ज्याला टिकायचंय तो टिकतो. आता तर हातात फोन आहे, यूट्यूबवर सगळं फुकट आहे तरी कारणं संपत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, कर्मवीरांचं नाव घेता तर पुरं घ्या ना. त्यांनी पोट्ट्यांले राबा अन् शिका असं नुसतं सांगितलं नाही, आधी राहाची सोय केली. १९२४ ले साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं राहणं, जेवण, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत. अन् ते चालवाले पैसा नव्हता तं लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, मंगळसूत्रही राहिलं नाही. म्हंजे पोट्टे टिकले कारण त्याईच्या जेवणाची जबाबदारी कोणीतरी घेतली होती. तुम्ही बोर्डिंग वगळून फक्त खडी फोडणं उचललं.

स्पष्टच_सांगतो
मग आज सोय नाही का? राहण्या-जेवणासाठी एससी मुलांना स्वाधार आहे, ओबीसींना आधार योजना आहे, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. स्वाधारला पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं.

एम_टू_राहिला
काका ६० हजार वर्षाचे म्हणजे महिन्याला पाच हजार, आणि ते महिन्याला येत नाहीत. माझ्या रूम पार्टनरचा असाच एका योजनेचा हप्ता आला तेव्हा त्याची सेमिस्टर संपली होती. तोपर्यंत मेसवाल्याला काय सांगायचं, पोर्टलवर तुमचा अर्ज अंडर स्क्रुटिनी आहे म्हणून? तीन महिने त्याने एकाच डब्यात दोघांनी जेवायचं गणित बसवलं, चौथ्या महिन्यात गावाला गेला तो अजून परत आला नाही. हुशार होता, माझे प्रॅक्टिकलचे जर्नल तोच पूर्ण करून द्यायचा.

इंजिनिअरिंगचं सांगतो. इथे गळती पैशाने होते तशी केटीने, म्हणजे विषय राहिल्याने, पण होते. तिसऱ्या वर्षाला जायचं तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. एम-वन, एम-टू (गणिताचे पेपर), मेकॅनिक्स यातला एक जरी अडकला आणि दुसरं वर्ष होऊन गेलं की तुम्ही वायडी, म्हणजे एक वर्ष घरी. घरी म्हणजे खरं तर रूमवरच, कारण गावात काय तोंड दाखवणार. मराठी मीडियममधून आलेल्या पोराला पहिल्या सेमला सर काय बोलतात हे कळायलाच दिवाळी येते. वायडीच्या त्या वर्षात कॉलेज तुम्हाला ओळखत नाही, ना लायब्ररी कार्ड ना तास, आणि तिथेच पोरं सुटतात. एखादा स्विगीला लागतो, हातात रोज पैसा दिसायला लागतो, मग ऑक्टोबरचा पेपर कोण देतंय.

चाकण_नाईटशिफ्ट
मी सोडलंय. बीएस्सी, दुसऱ्या वर्षाला. आणि मला इथली रडारड पटत नाही, म्हणजे सोडणारा प्रत्येकजण बिचारा असतो ही जी लाईन आहे ना ती. मी हिशोब करून सोडलं. आमच्या कंपनीच्या लाईनवर बीई झालेला पोरगा माझ्याच शेजारी उभा राहून तेच नट आवळतो, कॉन्ट्रॅक्टरही तोच, फक्त त्याच्या डोक्यावर एज्युकेशन लोनचा हप्ता आहे. मला तीन वर्षांचा जास्त अनुभव आहे. कॉलेजला असताना आमच्या विषयाला वर्षभर मास्तरच नव्हता, नंतर आला तो सीएचबीवाला (सर तुम्ही नाही), तो तीन कॉलेजं करून मोटरसायकलवर यायचा, अर्धा सिलॅबस झेरॉक्सवर झाला. मग मी टिकायचं कशासाठी?

हजेरीपट
सीएचबीवाल्याबद्दल लिहिलंस ते अगदी खरं आहे, मी पण दोन कॉलेजं करतो. पण एक विचारतो, पुढे सुपरवायझरच्या जागेला फॉर्म भरायचा झाला तर?

चाकण_नाईटशिफ्ट
तेव्हा बघू. नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे की.

शेवटची_एसटी
मुलींच्या बाबतीत बोलू का. मी इंजिनिअरिंगला आहे. जुलै २०२४ च्या जीआरने ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. माझं शिक्षण त्याच्यामुळेच चालू आहे, हे आधी सांगते, कारण सरकारने काही केलंच नाही असं म्हणणं पण बरोबर नाही. पप्पांनी आधी दादाची फी आधी तुझी नंतर असं स्पष्ट सांगितलं होतं, जीआर आला आणि तो विषयच संपला.

पण फी माफ म्हणजे शिक्षण फुकट असं समजू नका. इतर फी भरावीच लागली, रूमचं डिपॉझिट नव्हतं म्हणून मी अप-डाऊन करते. प्रॅक्टिकल पाचला संपतं आणि आमच्या गावाकडची शेवटची गाडी साडेपाचला. स्टँड पंचवीस मिनिटं लांब. जर्नलवर सही घ्यायला थांबलं की गाडी गेली, मग पप्पा गाडी घेऊन येतात, येताना एक शब्द बोलत नाहीत, घरी आल्यावर आजी बोलते. असं महिन्यात दोनदा झालं की घरात विषय निघतो, बास झालं आता शिक्षण, एखादं स्थळ बघा. माझ्या वर्गातल्या दोघी अशाच गेल्या. दोघींची फी माफ होती आणि केटी एकीलाही नव्हती. त्यांना मागे बोलावणारं कुणी कॉलेजात आहे का? मेंटॉर म्हणून एका सरांच्या नावापुढे आमची वीस नावं आहेत, ते फक्त नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्यांच्या, फाईलपुरतं.

स्पष्टच_सांगतो
ताई तुमचं कौतुक आहे. पण तुम्ही टिकलात ना, मी तेच म्हणतोय, जिद्द.

शेवटची_एसटी
काका त्या दोघींना माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. त्यांच्या पप्पांकडे गाडी नव्हती, एवढाच फरक होता.

वऱ्हाडी_ठेचा
😶 काकांले पाणी द्या कोणीतरी.

अर्धवट_पदवीधर
मूळ मुद्द्यावर येतो. मी या मल्टिपल एक्झिटच्या बाजूने आहे, इथे एकटाच दिसतोय. जुन्या पद्धतीत एसवाय सोडलेल्याच्या हातात काय होतं, बारावीचं मार्कशीट. आता क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत (एबीसी, म्हणजे क्रेडिटचं ऑनलाईन खातं) जमा राहतात, ७ वर्षांपर्यंत चालतात, सर्टिफिकेट घेऊन गेलेल्याला ३ वर्षांत परत येता येतं. ज्या मुलीचं लग्न झालं ती सासरच्या गावातल्या कॉलेजात पुढचं वर्ष करू शकते, पहिल्यापासून सुरुवात नाही. हे वाईट कसं? सोय वापरली जात नाही म्हणून सोयच नको हे लॉजिक मला समजत नाही. आणि सर, ४ क्रेडिटची अट तुम्ही डोंगराएवढी करून सांगताय, उन्हाळ्यात एखादा छोटा कोर्स आहे तो.

हजेरीपट
सोय नको असं मी म्हणालो नाही, तिच्यामुळे गळती कमी होईल हे मला मान्य नाही. त्या सर्टिफिकेटला बाजारात काय किंमत आहे ते बघा. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, त्यात विद्यावेतन कसं ठरवलं? बारावी पास ६ हजार, आयटीआय नाहीतर डिप्लोमा ८ हजार, पदवीधर १० हजार. एक वर्ष कॉलेज करून सर्टिफिकेट घेतलेला यात कुठे बसतो? बारावीतच. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, राज्यसेवेला पूर्ण डिग्री. मधल्या कागदासाठी एक जाहिरात दाखवा. सरकारनेच ज्याला दर लावला नाही तो कागद घ्यायला पोरगं कशाला येईल? भरतीच्या ग्राउंडवर पहाटे पाचला १६०० मीटर मारणारी आमची कितीतरी पोरं एफवायला आहेत, ती आत्ताच सांगतात की सर भरती झाली तर येणार नाही. ती चूक करतायत असं तोंडावर सांगायची माझी हिंमत होत नाही, कारण भरती झालेल्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे.

अर्धवट_पदवीधर
जाहिराती बदलायला वेळ लागतो. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमालाही सुरुवातीला कोण विचारत होतं.

हजेरीपट
डिप्लोमाला वर्कशॉप होतं, लेथ होती, हातात काहीतरी यायचं. एफवाय बीएला दोन सेमिस्टरमध्ये मेजर, ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन, योगा असं सगळं थोडं थोडं चाखून पोरगं बाहेर पडणार, आणि त्यातल्या निम्म्या विषयांना शिक्षक मीच. मागच्या वर्षी मी पर्यावरण शिकवलं, माझा विषय इतिहास आहे.

चाकण_नाईटशिफ्ट
😂😂 सर तुम्हीच सोडा कॉलेज, इकडे या, शिफ्ट अलाउन्स आहे.

एम_टू_राहिला
@अर्धवट_पदवीधर, खरंच एक विचारायचं होतं. माझा तो पार्टनर, त्याची दुसऱ्या सेमपर्यंतची क्रेडिट जमा आहेत का कसं बघायचं? त्याचे ओरिजिनल कागद कॉलेजातच आहेत, बाकी फी भरल्याशिवाय देत नाहीत म्हणतात.

अर्धवट_पदवीधर
डिजिलॉकरवर त्याच्या लॉगिनने जाऊन एबीसी खातं बघ, कॉलेजने अपलोड केली असतील तर दिसतील. नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला मेल करायला लाव. आणि ओरिजिनल अडकवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने २०१८ लाच सांगितलंय, त्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्यायला सांग, तोंडी विचारलं की कोणी ऐकत नाही.

एम_टू_राहिला
अर्ज मीच लिहून देतो, सही त्याची लागेल. तो सध्या साइटवर आहे, फोन रात्री नऊनंतरच लागतो.