मॅस्लो आणि रॉजर्स: पेपरात फरक काय लिहू?

पेडणेकर: टीवायबीएला मानसशास्त्र आहे. दोघेही मानवतावादी, दोघांकडे आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यातल्या क्षमता पुरेपूर फुलवणं. मग वेगळं काय? गाइडात नुसता मॅस्लोचा पिरॅमिड.

फोंड्याची मावशी: तो पिरॅमिड आधी बाजूला ठेव, बाबा. मॅस्लोने 1943च्या लेखात गरजांची उतरंड मांडली: भूक, सुरक्षितता अशा खालच्या गरजा भागल्या की माणूस वरच्यांकडे वळतो. त्रिकोण नंतर व्यवस्थापनवाल्यांनी काढला. रॉजर्सला पायऱ्यांत रसच नाही. तो बघतो, 'मी आहे तसा' आणि 'मी असायला हवा तसा' यांत अंतर किती. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा भजनात पेटी काय सुरेख वाजवायचा! घरी मात्र टक्के आले तरच 'आमचो बाब', नाहीतर दिवसभर अबोला. आता पेटी काढ म्हटलं तर म्हणतो, मला ती आवडतच नव्हती. रॉजर्सच्या 'मोलाच्या अटी' त्या ह्याच: अमुक केलंस तरच तू मोलाचा.

पेडणेकर: मग रॉजर्स म्हणतो तो बिनशर्त स्वीकार, अटी न घालता माया, म्हणजे लाडच की?

फोंड्याची मावशी: छे! वागणं चुकलं तर खुशाल सांगावं. माया आटू देऊ नये, एवढंच.

मडगावकर: टीकेचे गुण सोडू नकोस. मॅस्लोची आदर्श माणसं, लिंकन, आइन्स्टाइन वगैरे, त्याने स्वतःच निवडलेली. शिवाय आत्मवास्तविकीकरण मोजायचं कशाने?