मदत हवी आहे: बंद पडलेल्या क्लासने बहिणीच्या टॅबवर घातलेलं कुलूप कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे, रोज जाऊन येऊन. धाकटी बहीण पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे बारावीला. विषय पीसीएमबी: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढं सगळं एकदम इंग्रजीत, म्हणून तिला एका क्लासला घातलं. फीमध्येच टॅब होता, सॅमसंगचा. आईच्या नावावर अठरा हप्ते बांधून घेतले. शेवटचा हप्ता दिवाळीनंतर फिटला. क्लास त्याच्या आधीच बंद पडला होता. शाखेचं शटर ओढलेलं, बोर्ड उतरवलेला, फोन लागत नाही.

टॅब मात्र अजून त्यांच्याच ताब्यात असल्यासारखा वागतो. लॉक स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात हे उपकरण संस्थेच्या मालकीचं आहे असं येतं. प्ले स्टोअर उघडलं तर चारच ॲप दिसतात. मराठी कीबोर्ड घालायला गेलं की आयटी ॲडमिनला विचारा म्हणतो. तो ॲडमिन कोण, कुठं आहे, आम्हाला माहीत नाही.

खरी अडचण ब्राउझरची आहे. तिच्या बायोलॉजीच्या पुस्तकात ह्युमन रिप्रॉडक्शन हा धडा आहे. त्यातला कुठलाही शब्द शोधला की लाल पान येतं, ‘हे पान बंद आहे’. ती मैत्रिणीच्या फोनवर आकृत्या बघून वहीत पेन्सिलीने काढत बसते. परवा रात्री मी कामावरून आलो तर स्वयंपाकघरात पाटावर बसून, शेजारी मैत्रिणीचा फोन उभा करून, आकृतीला नावं देत होती. फोन नऊ वाजता परत द्यायचा होता. मला फार वाईट वाटलं.

दुसरं असं की महाराष्ट्र सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्यांच्या यादीत आमचं गाव आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांना ‘ई’ प्रकारातून अर्ज करता येतो. त्याला इथल्या रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. हे सगळं समजून घ्यायला ती मराठी संकेतस्थळं उघडायला जाते, तर त्यातली निम्मी बंद. इंग्रजी उघडतात, कन्नडातली मोठी वर्तमानपत्रं उघडतात, मराठीतली लहान संकेतस्थळं उघडत नाहीत. असं का व्हावं?

आतापर्यंत केलेले उपाय: सेटिंग्जमधलं फॅक्टरी रिसेटचं बटण करडं आहे, दाबलं जात नाही. मग कंपनीतल्या एका मित्राने कॉम्प्युटरला केबल लावून रिकव्हरीतून सगळं पुसलं. टॅब नव्यासारखा चालू झाला, भाषा विचारली, वायफाय जोडलं, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच क्लासचं नाव घेऊन परत तेच पान. आई म्हणाली, ‘पैसे आमचे गेले की रे, मग किल्ली त्यांच्याकडं कशी?’ मला उत्तर देता आलं नाही.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. कुणी वाट दाखवली तर उपकार होतील.

प्रतिसाद १

खडेबाजारात मोबाईल दुरुस्तीवाले आहेत, सात-आठशे रुपयांत करून देतात. माझ्या पुतण्याचा असाच टॅब होता, अर्ध्या दिवसात झाला.

प्रतिसाद २

वरच्या उपायाला माझा स्पष्ट विरोध. मी मोबाईल दुरुस्तीच्याच धंद्यात नऊ वर्षं आहे, म्हणून लिहितो. दुकानात जे करतात ते बहुतेक वेळा फुकट उतरवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरने करतात. त्यात काय काय भरलेलं असतं हे करणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि त्याच टॅबवर उद्या तुमची बहीण फॉर्मची फी भरणार, आईचा ओटीपी टाकणार. शिवाय सॅमसंगमध्ये नॉक्सचा, म्हणजे त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा, एक फ्यूज असतो. बाहेरची सिस्टीम चढवली की तो उडतो, आणि उडाला की परत बसत नाही, सर्व्हिस सेंटरमध्येसुद्धा नाही. त्यानंतर सिक्युअर फोल्डर, म्हणजे खाजगी गोष्टी कुलपात ठेवायची सोय, कायमचं गेलं.

आता तुमचा टॅब पुसूनही का परत तसाच होतो ते सांगतो. कुलूप टॅबमध्ये नाहीच. संस्था घाऊक टॅब घेते तेव्हा विकणारा सगळ्या टॅबचे आयएमईआय (सिम चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) किंवा सिरियल नंबर सॅमसंगच्या नोंदणीत चढवतो. त्याला नॉक्स मोबाईल एनरोलमेंट म्हणतात. गुगलची अशीच सोय आहे, झिरो टच. टॅब कोरा होऊन पहिल्यांदा इंटरनेटला लागला की आधी सर्व्हरला विचारतो, मी कुणाचा? सर्व्हर सांगतो, अमक्या संस्थेचा. लगेच त्यांचं व्यवस्थापन ॲप उतरतं आणि उपकरणाचा मालक म्हणून बसतं. दहा वेळा पुसा, दहा वेळा तेच होणार. त्या यादीतून तुमचा नंबर निघाला पाहिजे, आणि तो ज्याच्या हातात ते खातं आहे त्यानेच काढायचा आहे.

म्हणून पहिला प्रश्न: टॅब तुम्हाला विकला होता की वापरायला दिला होता? बिल आहे का? हे नीट बघा. शाळेचा किंवा सरकारी योजनेचा टॅब असेल आणि तो परत करायचा असेल, तर त्याला हात लावू नका. विकत घेतलेला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

प्रतिसाद ३

मी निपाणीची, हायस्कूलला शिकवते. मूळ प्रश्नाला उत्तर नाही, पण एक सांगावंसं वाटतं. मुलगी सतरा वर्षांची आहे, फिल्टर पूर्ण काढून टाकण्यापेक्षा थोडा राहू दिला तर? आमच्या शाळेत मुलांच्या हातात मोबाईल आल्यापासून आम्ही काय काय बघतो ते आम्हालाच माहीत.

धागाकर्ता

बाई, तुमचं म्हणणं मनाला लागलं, आणि काळजीपोटी लिहिलंय हे कळतं. फिल्टर नकोच असं मी म्हणत नाही. पण आता जो आहे तो तिच्या पुस्तकातलाच धडा बंद करतो. परीक्षेत त्या धड्यावर प्रश्न येणार, सर तो वर्गात घाईघाईने उरकतात, घरी आईला विचारायला ती लाजते. मग शिकायचं कुठून? फिल्टर लावायचा तर तो घरातल्या माणसाने तिच्याशी बोलून लावावा, आणि चुकीचं काही बंद झालं तर त्याच दिवशी उघडता यावं. ज्याने लावला तो माणूसच आता कुठं नाही, हेच माझं दुखणं आहे.

प्रतिसाद २, बिल शोधतो.

प्रतिसाद ४

मराठी संकेतस्थळं का बंद, याचं उत्तर देतो. मी पुण्यात नेटवर्कचं काम करतो, मूळचा उचगावचा. फिल्टर बनवणाऱ्या कंपन्या संकेतस्थळांचे वर्ग पाडतात: शिक्षण, बातम्या, जुगार, खेळ, प्रौढांसाठी वगैरे. ज्याचा वर्ग लागलेला नाही ते ‘अवर्गीकृत’. सुरक्षित राहावं म्हणून बऱ्याच संस्था हा अवर्गीकृत गठ्ठा सरसकट बंद ठेवतात. मोठी स्थळं सगळी वर्गात बसलेली असतात. एखाद्या गावातल्या शिक्षकाने चालवलेलं, दिवसाला पन्नास माणसं बघतात असं मराठी स्थळ कोण वर्गात घालणार? मराठीवर राग म्हणून कुणी केलेलं नाही, पण फटका आपल्याच भाषेला बसतो. कोकणी, तुळूचंही असंच होत असणार.

आणखी एक. टॅब सुटल्यावरही काही बंद राहिलं तर गोंधळून जाऊ नका, फिल्टर एकाच जागी नसतो. घरच्या वायफायवरून काढून टॅब मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडून बघा. तिथं उघडलं आणि घरी नाही, तर अडथळा घरच्या राउटरमध्ये आहे. दोन्हीकडं बंद असेल तर टॅबमध्ये. टॅबमध्ये असेल तर वर किल्लीचं चिन्ह दिसतं का बघा, म्हणजे व्हीपीएनमधून, टॅबचं सगळं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे वळवून, फिल्टर चालतोय. ते नसेल तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला कुणाचं नाव भरलंय का बघा. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, ती पत्ता द्यायचं नाकारूनही स्थळ अडवू शकते. ही सोय ॲण्ड्रॉइड ९ पासून आहे.

रिसेट करण्याआधी टॅबवरचं गुगल खातं आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. रिकव्हरीतून पुसलं की तो जुनं खातं मागतो, नसलं तर तिथंच अडकाल.

प्रतिसाद ५

आमच्याकडं आयपॅड आहे, भावाच्या जुन्या कंपनीचा. त्यात सेटिंग्ज, जनरल, आणि खाली व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट असं आहे. प्रोफाइल दिसतं, काढायचं बटणच नाही. हे पण तसंच का?

प्रतिसाद २

हो, तोच प्रकार. साधं प्रोफाइल असेल तर तिथं काढायचं बटण येतं. कंपनीने ॲपलच्या बिझनेस मॅनेजरमधून नोंदवलेला आयपॅड असेल तर कंपनीनेच तिकडून सोडवावा लागतो, नाहीतर पुसल्यावर ‘रिमोट मॅनेजमेंट’चं पान परत येणार. भावाने नोकरी सोडताना तो आयपॅड रीतसर घेतला होता का, हे आधी विचारा.

धागाकर्ता

बिल मिळालं! आईने ट्रंकेत रेशन कार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलं होतं. जीएसटी बिल आहे, आईचं नाव, टॅबचं मॉडेल, आणि सिरियल नंबर छापलेला. टॅबच्या मागचा नंबर भिंगाने जुळवून पाहिला, तोच आहे. विकणारा म्हणून क्लासचं नाव नाही, हुबळीच्या एका वितरकाचं आहे, फोन नंबरसकट.

प्रतिसाद २

मग अर्धं काम झालं. वितरकाला फोन करा. तो चढवणारा असेल किंवा क्लासचं खातं कुणाकडं आहे हे त्याला माहीत असेल. फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेल कराच. मेलमध्ये बिलाचा फोटो, सिरियल नंबर, आयएमईआय असेल तर तोही, हप्ते फिटल्याचं फायनान्सवाल्यांचं पत्र, आणि एकच मागणी: हे उपकरण तुमच्या नोंदणीतून काढा. लांबण लावू नका.

प्रतिसाद ६

वकिली करते, बेळगावातच. वितरकाने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथं तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. पुढं जायची वेळ आलीच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. क्लासचं मुख्य कार्यालय कुठंही असो, तुम्हाला तिकडं जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

मात्र क्लासवर दिवाळखोरीची कारवाई चालू आहे का, हे आधी तपासा. तशी असेल तर स्थगितीच्या काळात कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. त्या वेळी कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडं असतो. दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना असतात, त्यात त्यांचा मेल पत्ता असतो. टॅबची मागणी सरळ त्यांच्याकडं करायची.

धागाकर्ता

उशिरा लिहितोय, माफ करा, कामावर दुसरी पाळी चालू होती.

वितरकाच्या माणसाने फोन घेतला आणि नीट बोलला. म्हणाला, असे फोन त्यांना आधीही आलेत. क्लासचं तांत्रिक काम बघणाऱ्या एका माणसाचा मेल त्याने दिला. प्रतिसाद २ ने सांगितलं तसा मेल केला. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी तोच मेल परत पाठवला आणि वितरकालाही त्यात घेतलं. नवव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: नोंदणीतून काढलं आहे, टॅब रिसेट करा.

रविवारी सकाळी आम्ही सगळे टॅबभोवती बसलो. गुगलचा पासवर्ड आधी वहीत लिहून घेतला होता. पुसला, भाषा निवडली, वायफाय जोडलं. मागच्या वेळी ज्या ठिकाणी क्लासचं नाव आलं होतं तिथं बहिणीने हात मागं घेतला. पान पुढं सरकलं, गुगल खातं मागितलं. क्लासचं नाव आलं नाही. आईने देवापुढं साखर ठेवली.

तरी एक राहिलं होतं, आणि प्रतिसाद ४ चे शब्द खरे ठरले. यूट्यूबवर त्या धड्याचे व्हिडिओ दिसेनात, कुठल्याही व्हिडिओखाली कमेंटही दिसेनात. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लावलं तर सगळं दिसलं. म्हणजे घरचा राउटर. आमच्या केबलवाल्या मामांना विचारलं. वायफाय बसवताना घरात मुलगी शिकते म्हणून त्यांनी आपणहून फॅमिली डीएनएस घातला होता, त्याने यूट्यूब निर्बंधित मोडमध्ये जात होतं. त्यांनी चांगल्या मनानेच केलं होतं. आता टॅबपुरता वेगळा डीएनएस घातला आहे. त्याने वाईट संकेतस्थळं अडतात, यूट्यूबला तो हात लावत नाही. बाईंनी सांगितलेलं लक्षात ठेवून हे बहिणीशी बोलून ठरवलं. काय बंद आहे हे तिला माहीत आहे, काही अडलं तर मला सांगणार आहे.

मराठी कीबोर्ड बसला. पहिलं काय टाइप केलंस विचारलं, तर ‘मातृभाषा दाखला’ म्हणाली. तोच शोधत होती.

आमच्या शेजारच्या दोन गावांत त्याच क्लासचे पाच-सहा टॅब असेच पडून आहेत, एक तर पोरांनी धान्याच्या कणगीवर ठेवलेला पाहिला. ज्यांच्याकडं बिल आहे त्यांनी इथं लिहा, माझ्या मेलचा मसुदा देतो. बिल हरवलं असेल तर फायनान्सवाल्यांकडून कर्जाच्या कागदाची प्रत मागा, त्यात सिरियल नंबर असतो का तेही कळवा, मी आमच्या कागदात शोधतोय.