विषय: तक्ते प्रकरणाच्या शेवटी जाऊन बसतात, मदत हवी

प्रेषक: मंडळाची सभासद, सध्या मुक्काम नौपाडा, ठाणे

नमस्कार मंडळी,

प्रबंध पुरा करायला चार महिने आईबाबांकडे ठाण्याला आले आहे. विषय ठाणे खाडीच्या पाण्याचा: ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यातल्या ठरावीक जागांचे नमुने, त्यातला विरघळलेला प्राणवायू, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), क्षारता, पीएच. लिखाण लाटेकमध्ये आहे, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं मांडून घ्यायच्या प्रणालीत.

चौथ्या प्रकरणात अकरा तक्ते आहेत. पहिला जागेवर येतो, उरलेले दहा प्रकरण संपल्यावर एकामागोमाग छापले जातात. प्रत्येकाला मी चौकोनी कंसात फक्त ‘एच’ दिलं आहे, म्हणजे ‘इथे’. तरी हे असं. मार्गदर्शक म्हणाले, वाचताना सारखी पानं पुढेमागे करावी लागतात, मुद्दा हातातून निसटतो. शिवाय परिशिष्टात सगळ्या नमुन्यांचा मोठा तक्ता आहे, तो पानाखाली वाहून जातो, खालच्या ओळी दिसतच नाहीत. पंधरा दिवसांत मसुदा द्यायचा आहे. कोणाला हे माहीत असेल तर कृपया सांगा.

प्रेषक: नेरूळहून काकू

अगं, घाबरू नकोस. दहा तक्ते बिघडलेले नाहीत, एकच अडला आहे. तुझा दुसरा तक्ता मोजून बघ, पाऊण पानाच्या आसपास भरेल.

होतं काय, ते सांगते. नुसतं ‘एच’ दिलं आणि तिथे जागा नसली की लाटेक आपणहून त्याचं ‘एच टी’ करतं. लॉगमध्ये, म्हणजे फाइल चालवल्यावर होणाऱ्या नोंदीत, तशी सूचना येते, ती वाचत जा. ‘टी’ म्हणजे पानाचा माथा. पण माथ्यावरच्या तक्त्यांनी पानाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग घ्यायचा नाही, अशी मूळ मर्यादा आहे. तळाला, म्हणजे ‘बी’ला, ३० टक्के. पाऊण पानाचा तक्ता माथ्यावर बसत नाही. स्वतंत्र पानावर बसला असता, तिथे निम्मं पान भरलं तरी चालतं, पण त्यासाठी ‘पी’ लागतं आणि ते तू दिलेलंच नाहीस. म्हणून तो थांबतो. तक्त्यांचा क्रम लाटेक मोडत नाही, म्हणून मागचे नऊही थांबतात. ठाणे स्टेशनला सॅटिसच्या पुलाखाली रिक्षांच्या रांगेत पहिली रिक्षा निघाली नाही की मागच्या सगळ्या जशा उभ्या राहतात, तसंच. नवं प्रकरण सुरू होताना उरलेलं सगळं आधी छापून टाकलं जातं, तेव्हा रांग एकदम सुटते.

तेव्हा सगळीकडचं ‘एच’ काढ आणि ‘टी बी पी’ ठेव. एखाद्याला खरंच घाई असेल तर आधी उद्गारचिन्ह लाव, म्हणजे माथ्या-तळाच्या टक्केवारीची अट त्याच्यापुरती सुटते. फ्लोट पॅकेजातलं (पॅकेज म्हणजे लाटेकला जोडायची जादा सोय) मोठं, कॅपिटल ‘एच’ तुला कोणीतरी सुचवेलच. त्याने तक्ता जागचा हलत नाही हे खरं, पण आधीच्या पानाचा उरलेला भाग कोरा पडतो, आणि तुझ्यासारख्या अकरा तक्त्यांच्या प्रकरणात तर पानापानाला भोकं दिसतील. मी ते वापरत नाही. त्यापेक्षा प्लेसइन्स पॅकेज घे आणि प्रत्येक उपविभागाच्या शेवटी फ्लोटबॅरियर टाक, आधीचे तक्ते पलीकडे जाऊ न देणारी ती आज्ञा. क्षारतेचा तक्ता मग बीओडीच्या चर्चेत जाणार नाही.

तक्ता मूळ फाइलमध्ये कुठे लिहायचा? ज्या परिच्छेदात त्याचा पहिला उल्लेख आहे, त्याच्या लगेच खाली. आणि ‘खालील तक्ता’, ‘पुढे दिल्याप्रमाणे’ हे शब्द शोधून शोधून काढून टाक. तक्ता सरकला की ते खोटे ठरतात. क्रमांकाने बोलव: ‘तक्ता ४.३ मध्ये’. लेबल, म्हणजे क्रमांकाने बोलवायची खूण, मात्र कॅप्शनच्या नंतर लिही, आधी लिहिलंस तर तक्त्याऐवजी विभागाचा क्रमांक छापला जातो.

आता परिशिष्ट. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे.

परदेशातून परत आल्यावर मी तुर्भ्याला एका कारखान्यात तांत्रिक पुस्तिकांचं काम बघत होते. पंपाच्या पुस्तिकेत बोल्ट किती आवळायचे याचा तक्ता होता. डावीकडे बोल्टचं माप, मग दोन रकाने: कोरडा बोल्ट आणि तेल लावलेला बोल्ट. तक्ता एका पानावर सुरू होऊन पुढच्या पानावर सहा ओळी गेला, आणि त्या पानावर मथळ्याची ओळ नव्हती. फिटरच्या हातात तेच पान होतं. दोन आकड्यांपैकी त्याने पहिला घेतला, कोरड्याचा, आणि तेल लावलेले बोल्ट तेवढे आवळले. तेलामुळे घर्षण कमी होतं, तेवढ्याच टॉर्कने (पिळाच्या जोराने) बोल्ट जास्त ताणला जातो. फ्लॅंजचे (जोडाच्या कडेचे) बोल्ट लांबले, सगळे बदलावे लागले. ती पुस्तिका माझ्या टेबलावर परत आली तेव्हा त्या ओळीवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता. त्याने बरोबर ओळ वाचली होती. चूक आमची होती, पानाची मांडणी आम्ही तपासली नव्हती.

तेव्हा परिशिष्टासाठी लाँगटेबल पॅकेज वापर, त्यात तक्ता पानामागून पान चालू राहतो. त्यात पहिल्या पानाचा मथळा वेगळा आणि पुढच्या प्रत्येक पानाचा वेगळा देता येतो. पुढच्या मथळ्यात रकान्यांची नावं एककांसकट पुन्हा लिही, आणि पानाच्या तळाला ‘पुढे चालू’. रकान्यांच्या रुंद्या जुळायला फाइल दोन-तीनदा चालवावी लागते, पहिल्या वेळी वेडंवाकडं दिसलं तर बिथरू नकोस. आणखी एक, लाँगटेबल तरंगता, म्हणजे जागा मिळेल तिकडे सरकणारा, नसतो, लिहिशील तिथेच सुरू होतो. त्याच्या आधीचा एखादा तक्ता अडकलेला असला तर क्रमांक उलटसुलट होतात, म्हणून त्याच्याआधी फ्लोटबॅरियर हवाच.

उभ्या रेघा काढून टाक. बुकटॅब्स पॅकेजच्या तीन आडव्या रेघा पुरतात: वर, मथळ्याखाली, शेवटी. आकडे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह असे लाव, एसआययुनिटएक्स पॅकेजचा ‘एस’ रकाना ते करतो. ५.९ आणि १२.४ डावीकडून लावले तर डोळ्याला मोठा-लहान कळतच नाही. कॅप्शन तक्त्याच्या वर. आडवे तक्ते असतील तर सगळे एकाच दिशेला फिरव, पान घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवून वाचता यावं असे.

शेवटी एक कर. छापील प्रत काढ आणि परिशिष्टातलं मधलंच पान घरातल्या कोणाच्या तरी हातात दे.

प्रेषक: मंडळाचा जुना सभासद, ऐरोली

काकूंनी सगळं सांगितलंच आहे. जे वर्डमध्ये लिहितात त्यांच्यासाठी थोडं. मथळा प्रत्येक पानावर येण्यासाठी पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ करा. ते चालत नसेल तर दोन गोष्टी बघा: तक्त्याभोवती मजकूर वळवलेला असला तर मथळा येत नाही, आणि तक्त्याच्या आत हाताने पेज ब्रेक टाकला असेल तरी येत नाही. एक ओळ दोन पानांत फाटू नये म्हणून ‘अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ची खूण काढा. कॅप्शनला ‘कीप विथ नेक्स्ट’. क्रमांक बदलल्यावर सगळं निवडून एफ ९ दाबल्याशिवाय फाइल पाठवू नका.

प्रेषक: नौपाडा, ठाणे

काकू, मोजलं. मजकुराची उंची २४ सेंटीमीटर, दुसरा तक्ता १८. अगदी पाऊण. ‘टी बी पी’ केल्याबरोबर तो एका पानावर बसला आणि बाकीचे नऊही आपापल्या चर्चेशेजारी आले. ‘खालील तक्ता’ एकोणीस ठिकाणी सापडला, सगळे बदलले. काका, तुमची मेल बाबांना दिली, त्यांच्या सोसायटीचा अहवाल वर्डमध्ये आहे.

परिशिष्टाची प्रत काल गोखले रोडवरून काढून आणली. सातवं पान आईला दिलं आणि वाशी पुलाजवळची मे महिन्यातली क्षारता विचारली. ती कणीक मळत होती. हात पुसून तिने पान घेतलं, वरचा मथळा वाचला, बोटाने खाली आली आणि आकडा एककासकट सांगितला.