मदत हवी आहे: मुलगी नायिका असलेली मराठी साहसकथा

नौपाड्यातल्या एका छोट्या पुस्तकांच्या दुकानात मी काम करते. इंग्रजी माध्यमातली, अकरा वर्षांची एक मुलगी दर शनिवारी आजीबरोबर येते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मीच तिच्या हातात दिला होता, माझा लहानपणापासूनचा लाडका. तिने सगळे भाग संपवले, मग सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांचे मराठी अनुवादही. परवा विचारते, "ताई, यात मुलगी का नसते?" मला पटकन एकही नाव सुचेना, आणि ते फार लागलं.

ताम्हनकरांची 'चिंगी' दिली. आवडली, पण भाषा जुनी असल्यामुळे आजीला शेजारी बसून अर्थ सांगावा लागला. शिवाय तिला रहस्य हवंय, घरातल्या गमती नकोत. परीकथा नको, शूर स्त्रियांची चरित्रंही नकोत (ती शाळेत होतातच). अनुवाद चालेल. सलग दीडशे पानं ती आरामात वाचते. किंमत अडीचशेच्या आत हवी आणि पुस्तक सध्या छापील मिळायला हवं, कारण मला ते मागवून दुकानातही ठेवायचंय.

मुलगी स्वतः छडा लावते, असं कोणतं मराठी पुस्तक तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी वाचलंय? प्रकाशकाचं नाव सांगू शकाल का?