मदत हवी आहे: मुरुमांच्या गोळीने डोळे कोरडे, रात्री रस्ता दिसत नाही

खानापूरची_पोर:
भाऊ २३ वर्षांचा, वजन ५६ किलो. गाठीच्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन रोज २० मिलीग्रॅम, सातवा आठवडा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, वर पाणीही गळतं. लेन्स तासभर सहन होत नाही. आठ दिवसांपासून समोरून लाइट पडला की बराच वेळ रस्ता दिसत नाही म्हणतो. बेळगावहून भाजीची गाडी घेऊन रात्री चोर्ला घाटातून गोव्याला जातो. आई 'अ' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आण म्हणतेय. देऊ का?

मलप्रभाकाठ:
ताई, अजिबात देऊ नका. ही गोळीच 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली. वरून कॅप्सूल किंवा कॉड लिव्हर तेल दिलं तर दुष्परिणाम वाढतात. अंधारात दिसण्यासाठी लागणारं रंगद्रव्य डोळ्याच्या पडद्यात 'अ' पासून बनतं हे खरं, पण इथे जीवनसत्त्व कमी पडलेलं नाही. ते रंगद्रव्य पुन्हा तयार होण्यात औषधच आड येतं.

रात्रीची गाडी आजपासून बंद, घाटात तर नकोच. हा त्रास अचानक वाढतो. नुसता कोरडेपणा असता तर डोस कमी करूनही भागलं असतं. दिसण्यात फरक पडला की गोळी थांबवून डोळे तपासायचे असतात. त्वचेच्या डॉक्टरांना आजच फोन करा. बहुतेकांची नजर गोळी थांबल्यावर पूर्ववत होते, क्वचित त्रास राहतो.

निपाणीचा_चष्मा:
कोरडेपणाबद्दल. ही गोळी चेहऱ्यावरच्या तेलग्रंथी आकसवते, तशाच पापणीच्या कडेच्याही. तेलाचा थर नसला की अश्रू उडून जातात, डोळा चिडतो आणि पाणी सुटतं. लेन्स काढून चष्मा लावा. कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्क्याचे थेंब (डोळा ओला ठेवणारे कृत्रिम अश्रू) दिवसातून ४ वेळा. त्याहून जास्त लागले तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या, नाहीतर तो प्रिझर्व्हेटिव्हच डोळा खातो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात कापड बुडवून मिटल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं शेक, मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, कडेच्या दिशेने हलके चोळा.

मेडिकलवाला लाल डोळ्यासाठी अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेले थेंब देईल. घेऊ नका. आराम लगेच वाटतो, पण त्यात स्टेरॉइड आहे. आठवडे चालू राहिले तर डोळ्यातला दाब दुखल्याशिवाय वाढतो. डोळ्याजवळ लावलेल्या स्टेरॉइडच्या मलमाचंही तेच.

मुरुमांसाठी देतात ती डॉक्सीसायक्लिन नावाची अँटिबायोटिक गोळी तर चालू नाही ना?

खानापूरची_पोर:
जुनं पाकीट आहे घरात. मुरूम फुगला की एखादी घेतो.

निपाणीचा_चष्मा:
ते पाकीट आजच बाजूला करा. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो आणि डोळ्याची नस सुजते. डोकं जोरात दुखलं, ओकारी झाली, क्षणभर अंधारी आली किंवा एकाचे दोन दिसले, तर मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. तिथे दोन्ही गोळ्यांची पाकिटं दाखवा आणि डोळ्याची नस तपासायला सांगा. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातानाही डॉक्सीसायक्लिनचं आठवणीने सांगा.